ती छपाई हललेली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण पंचगंगा घाटाचं एक जलरंगातलं चित्र छापलंत आणि बुधवारी त्यावर एका वाचकांचं पत्र आलं. पत्र वाचून आधी हसू आलं, मग थोडा राग आला, आणि चहा होईपर्यंत लक्षात आलं की त्या गृहस्थांचं फारसं चुकलेलं नाही. निम्मी चूक तुमची आहे. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण चित्राला लावलीत तशी नको. तो विषय पुढे येतोच.

मी चित्रकार नाही. शुक्रवार पेठेत माझं फ्रेमचं दुकान आहे, त्याला यंदा 41 वर्षं होतील. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटो, पोराबाळांची सर्टिफिकिटं, यावर दुकान चालतं. पण गाव कोल्हापूर, त्यामुळे चित्रंही येतात. कॉलेजात शिकणारी पोरं येतात, जुने जाणते चित्रकार येतात, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापून होईस्तोवर स्टुलावर बसून बोलतात. मला जे काही कळतं ते त्या स्टुलावरचं आणि थोडंफार करवीर नगर वाचन मंदिरातल्या पुस्तकांतलं. शिवाय चित्राची मागची बाजू बघायला मिळते, ती चित्र विकत घेणाऱ्यालासुद्धा सहसा दिसत नाही.

योग असा, की तुम्ही छापलेलं ते चित्र आत्ता माझ्याच दुकानात आहे. फ्रेम व्हायची आहे म्हणून काउंटरच्या मागे, पंख्याचा वारा लागणार नाही असं ठेवलंय. चित्रकार पंचविशीतला पोरगा आहे. त्याचं नाव छापायचं आपल्याकडून राहून गेलं. मी घालू का विचारलं तर 'राहू दे मामा' म्हणाला, म्हणून मीही घालत नाही.

आता वाचकांच्या तक्रारी. एक, छपाई हललेली दिसते, सगळं पुसट आहे. दोन, शिवाजी पुलाच्या कमानी चित्रकारानं खाल्ल्या, तीनच दाखवल्या आणि तिसरीही धड नाही. तीन, धुणं धुणाऱ्या बाईला तोंड नाही. चार, ही सकाळ आहे की संध्याकाळ याचा पत्ता लागत नाही. आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य : आमची नात यापेक्षा बरं काढते.

आधी तुमच्याकडून सुरुवात करतो. मी मूळ चित्र मोजपट्टीनं मोजलं. 15 इंच रुंद, 11 इंच उंच. जलरंगाचा पूर्ण कागद 22 बाय 30 चा येतो, त्याचा हा पाव. तुमच्या पुरवणीतल्या चित्राशी ताडून पाहिलं तर खालचं अडीच इंच पाणी गायब आणि वरचं इंचभर आभाळ गायब. चार कॉलमात आडवं बसवायचं म्हणून कुणीतरी कापलं असणार. त्या अडीच इंचांत पुलाचं प्रतिबिंब होतं. वरचा पूल धुक्यात विरतोय आणि खालचं प्रतिबिंब मात्र पुलापेक्षा गडद पडलंय, अशी ती गंमत आहे. वरचा पूल तुम्ही ठेवलात, खालचा कापलात, आणि वाचकाला म्हणालात, बघा. त्यात तुमचा कागद राखाडी. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. जिथं उजेड हवा तिथं कागदच कोरा सोडतात. चित्रातली सगळ्यात लख्ख गोष्ट म्हणजे तो न रंगवलेला कागद. तो वर्तमानपत्राच्या कागदावर आला की राखेसारखा दिसणार. मग पुसट दिसेल नाही तर काय होईल?

पण तुम्हाला फार बोलायचा मला अधिकार नाही, कारण हेच पाप मी केलेलं आहे. दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. एक गिऱ्हाईक नदीचं जलरंगाचं चित्र घेऊन आलं. वर जवळजवळ निम्मा कागद मोकळा, फिकट करडा एक हात फिरवलेला, बस. गिऱ्हाईक म्हणालं, वरचं रिकामं कशाला, तयार फ्रेम पडलीय घरात, तिच्यात बसवा. मला दोन पैसे मिळत होते. माउंटखाली दुमडून भागलं असतं, पण दुमडलं की कागद फुगतो, म्हणून मी सरळ कटरनं वरचे चार इंच कापले. पुढं वर्षभरानं ते चित्र काढणारे मास्तर त्या घरी जेवायला गेले. त्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात आले, कापलेला तुकडा शिल्लक आहे का एवढंच विचारलं. मी तो हार्डबोर्डाच्या मागे पाचर म्हणून वापरला होता. मास्तर 'बरं' म्हणाले आणि गेले. तेव्हापासून माझ्या दुकानात कागदाला कटर लागत नाही, माउंट चित्राच्या मापाचा कापायचा, चित्र माउंटच्या मापाचं नाही.

तर आता चित्राकडे. त्या वाचकांना माझी विनंती आहे की पुरवणी बाजूला ठेवा आणि मी सांगतो तसं मनात आणा. काउंटरवर ठेवलेलं हे चित्र मी एका हाताच्या अंतरावरून बघतो तेव्हा मलाही डागच दिसतात. निळसर डाग, तपकिरी डाग, मध्येच एक टिकलीएवढा लाल. दुकानाच्या उंबऱ्यावर गेलो, म्हणजे आठ-दहा फूट, की घाट उभा राहतो. पायऱ्या दिसतात, दीपमाळ दिसते, दगडाचा ओलेपणासुद्धा दिसतो. हे असं चित्र काढताना चित्रकार स्वतःच मागे सरून बघत असतो, आपणही तिथंच उभं राहायला हवं. पेपर मांडीवर घेऊन कसं दिसणार?

सकाळ की संध्याकाळ, हा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर चित्रात ठळक आहे. समोरच्या तीरावर, उसाच्या फडाच्या डोक्यावर, एक पिवळा पट्टा आहे. बोटभर रुंद. आणि अलीकडचा घाट, पायऱ्या, देवळं, सगळं निळं-जांभळं. आता आपला घाट गावाच्या पश्चिम अंगाला. सूर्य उगवतो तो आपल्या पाठीमागून, गावावरून. त्यामुळे सकाळी गावातल्या घरांची सावली घाटावर आणि पाण्यावर पडलेली असते आणि ऊन आधी पलीकडे, पैलतीराच्या शेतांवर उतरतं. संध्याकाळी बरोबर उलटं. सूर्य समोर, घाटाच्या पायऱ्यांवर तांबूस ऊन. म्हणजे ही सकाळ, आणि सूर्य वर येऊन फार तर वीस-पंचवीस मिनिटं झालेली. मी रोज पहाटे घाटावर फिरायला जातो. हे पत्र लिहायच्या आदल्या दिवशी मुद्दाम थांबून पाहिलं. सात वाजून गेल्यावर तो पट्टा आला. आधी फडाच्या शेंड्यावर, मग हळूहळू खाली, आणि पाण्याला लागेपर्यंत धुकं पांढरं होऊन गेलं. पिवळा पट्टा फक्त शेंड्यावर आहे, अशी ती काही मिनिटंच. चित्र तेवढ्याच मिनिटांचं आहे. घाटाचं आहे असं मला आता वाटतच नाही.

सावली निळी कशी, असंही त्या पत्रात ओझरतं होतं. सावली काळी असते असं आपण मानतो कारण शाळेत पेन्सिलनं छाया दिलेली असते. उन्हात उभं राहून पांढऱ्या भिंतीवरची सावली नीट बघा, तिच्यात आभाळ उतरलेलं असतं. या पोरानं घाटाच्या सावलीत काळा रंग टेकवलेलासुद्धा नाही. अल्ट्रामरीन निळा आणि तपकिरी बर्न्ट सिएना, दोन्ही मिळून तो करडा झालाय. चित्र खिडकीपाशी तिरकं धरलं की दिसतं, अल्ट्रामरीनचा रवा कागदाच्या खळग्यांत बसलाय आणि तपकिरी वर राहिलाय. त्यामुळे ती सावली सपाट नाही, दगडासारखी खरबरीत आहे. हे रंग त्याला मी विचारले, स्वतःहून ओळखले असं खोटं सांगत नाही.

बाईला तोंड नाही हे खरं. मोजून चार फटकारे आहेत : पाठ, वाकलेली कंबर, एक हात, आणि लुगड्याचा तो लाल ठिपका. पण तो हात वर गेलाय आणि कंबर त्याच्या उलट दिशेला कललीय, म्हणजे पिळा दगडावर आता आपटणार. घाटावर पन्नास पावलांवरून बाई दिसते तेव्हा तुम्हाला तिचं तोंड दिसतं का? आवाज मात्र येतो. लाल ठिपक्याचं म्हणाल तर तो अंगठ्यानं झाकून बघितला मी. सगळं चित्र एकदम थंड, शिळं झालं. अंगठा काढला की निळं जास्त निळं दिसतं. एवढ्याशा लालनं अर्धा फूट निळ्याला जाग येते, हे मला 41 वर्षांत दरवेळी नवल वाटतं.

'छपाई हललीय' म्हणणाऱ्या वाचकांनी मनाला लावून घेऊ नये, त्यांच्याआधी फार मोठ्या माणसांनी हे म्हटलंय. 1874 साली, म्हणजे आपले शाहू महाराज जन्मले त्याच वर्षी आणि आपल्या टाऊन हॉलचं बांधकाम चालू होतं तेव्हा, पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाला फाटा देऊन नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत आपलं वेगळं प्रदर्शन भरवलं. त्यात क्लोद मोनेचं ल आव्र बंदरातल्या सकाळचं एक चित्र होतं, नाव 'इम्प्रेशन, सूर्योदय'. लुई लरुआ नावाच्या टीकाकारानं एका विनोदी वर्तमानपत्रात त्याची टर उडवली : भिंतीला लावायचा नक्षीकागद अर्धवट असताना जेवढा दिसतो तेवढंही हे पुरं झालेलं नाही. त्यानं चिडवायला वापरलेला 'इम्प्रेशनिस्ट' हा शब्दच पुढे त्या मंडळींच्या अंगाला चिकटला. आपण त्याला दृकप्रत्ययवाद म्हणतो. शब्द जड आहे, पण गोष्ट साधी आहे. वस्तू कशी आहे ते नाही, त्या क्षणाला डोळ्याला कशी लागली ते काढायचं.

मोनेचं ते चित्र तैलरंगातलं. त्या लोकांचं बरंचसं नाव तैलरंगातच झालं, पण त्यांना वाट दाखवणाऱ्यांत योंगकिंड नावाचे डच चित्रकार होते, ते उघड्यावर बसून जलरंगात भराभर टिपणं करायचे. आपल्या डोळ्यांचं शिक्षण त्यांच्याकडून पुरं झालं असं मोने मानत. आणि 1870-71 मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे मोने आणि त्यांच्यातलेच पिसारो लंडनला गेले तेव्हा त्यांनी टर्नर या इंग्रज चित्रकाराची चित्रं पाहिली. टर्नरनं तर त्याच्या कितीतरी आधी जलरंगात डोंगर, तळं आणि आभाळ एकमेकांत विरघळवून ठेवलं होतं.

मोनेच्या त्या सूर्याची एक गंमत सांगायला हवी, कारण मी ती दुकानात करून पाहिली. नारिंगी सूर्य डोळ्यात भरतो, पण तो आजूबाजूच्या आभाळापेक्षा उजळ नाहीच. हार्वर्डमधल्या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी ते दाखवून दिलं : त्या चित्रातला रंग काढून नुसतं काळं-पांढरं केलं की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. रंग आहे म्हणून तो आहे. मी या घाटाच्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि काळा-पांढरा केला. पूल राहिला, दीपमाळ राहिली, बाईही राहिली. पिवळा पट्टा गेला! धुक्यात मिसळून गेला. म्हणजे पोरानं तो पट्टा आभाळाएवढाच उजळ ठेवलाय, फक्त रंगानं वेगळा केलाय. त्यानं ते पुस्तकात वाचून केलं नाही, समोर तसं दिसलं म्हणून केलं असं तो म्हणतो.

आणि हे सगळं साहेबाकडून आलं असं कुणी म्हणू नये म्हणून सांगतो, या गावात आबालाल रहिमान नावाचे चित्रकार होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, परत आले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा यांच्या काठानं आयुष्यभर हिंडत राहिले. 1931 मध्ये गेले. पॅरिस त्यांनी पाहिलं नव्हतं. तरी त्यांच्या निसर्गचित्रांत उजेड असा पकडलेला आहे की जाणकार त्यांचं नाव घेताना मोनेच्या मंडळींची आठवण काढतात. महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटीतीर्थात बुडवली असं जुनी माणसं सांगतात. मी ते ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. पण टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये त्यांचं काम आहे. त्या वाचकांनी एकदा जाऊन, एका चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहावं. आपण तिथं शाळेच्या सहलीत एकदा जातो, तलवारी बघतो आणि बाहेर पडतो. माझीही पहिली वीस वर्षं तशीच गेली, तीही दुकान हाकेच्या अंतरावर असताना.

राहता राहिल्या कमानी. मी यावर मोठं भाष्य तयार करून ठेवलं होतं. पहिल्या कमानीची कड चाकूनं कापल्यासारखी, म्हणजे कागद वाळल्यावर रंग लावलाय. दुसरीची कड मऊ, म्हणजे कागद ओलसर. तिसरी नुसता श्वास टाकावा तशी, म्हणजे पुरत्या ओल्या कागदावर रंग सोडलाय. पूल जसजसा लांब जातो तसतसा कागद ओला ठेवत नेलाय, लांबच्या गोष्टी धुक्यात कशा विरतात ते दाखवायला. काय हुशारी, वगैरे. काल संध्याकाळी पोरगा फ्रेमची पट्टी बघायला आला तेव्हा हे सगळं त्याला ऐकवलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, ''तसं काही नाही मामा. थंडी होती, धुकं होतं, कागद वाळतच नव्हता. मी पुढच्या कमानी काढणारच होतो. तिसरीला रंग लावला आणि तो पळाला.''

म्हणजे वाचक म्हणतात ते शब्दशः खरं. कमानी राहूनच गेल्या!

मी जरा खट्टू झालो. मग विचारलं, ''कापूस घेऊन टिपून का नाही घेतलंस? वाळल्यावर परत काढता आलं असतं.'' तो म्हणाला, ''टिपणार होतो. कापूस हातात घेतला होता. पण वर बघितलं तर पूल तसाच दिसत होता, रंग पळाल्यासारखा. मग ब्रश धुऊन ठेवला.''

पट्टी आम्ही साधी, सागवानी रंगाची, पाऊण इंची ठरवली. माउंट दुधी पांढरा, चारी बाजूंनी तीन इंच, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. 2019 च्या पुरानंतर पेठेतल्या किती घरांतून चित्रं दुरुस्तीला आली होती, काचेला चिकटलेली, मागून तपकिरी रेघ चढलेली. जी माउंटशिवाय होती त्यांतलं एकही मला सोडवता आलं नाही.

चित्र शनिवारपर्यंत माझ्याकडे आहे. आपण या पत्राखाली दुकानाचा पत्ता छापणार नाही हे मला माहीत आहे, पण शुक्रवार पेठेत घाटाकडे उतरताना फ्रेमवाला कुठं असं कुणालाही विचारलं तर दाखवतील. त्या वाचकांनी सकाळी यावं, दुपारी समोरच्या पत्र्याचं ऊन दुकानात येतं आणि काही दिसत नाही. येताना नातीचं चित्रही आणावं. फ्रेम करून देतो, पैसे घेणार नाही, आणि तिनं कागद कोरा सोडला असेल तिथं कटर लावणार नाही.

आपला,
एक फ्रेमवाला
शुक्रवार पेठ, कोल्हापूर